दारांतली जुनी मोटार

तांब्याचा बंब मोडीला घालून स्टीलची टाकी घेणाऱ्या पिढीचीं नातवंडें आज तसाच बंब दिवाणखान्यांत शोभेसाठीं मोठी किंमत देऊन आणीत आहेत. मोटारगाडीच्या बाबतींतही हेंच घडणार, असें आमचें मत आहे. आणि ठाणें, कल्याण व डोंबिवली या टापूंतील अनेक कुटुंबांपुढें हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. इमारतीच्या आवारांत जागा एकच. तींत वडिलांची जुनी गाडी ठेवावी, कीं ती भंगारांत देऊन मुलाची नवी आणावी?

संग्राह्य मोटार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस येतात. पण लोकांचा जीव गुंततो तो आपल्या दारांत उभ्या राहिलेल्या गाडीवर. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट निघाली. तीच पुढें 'पद्मिनी' झाली. काळ्या-पिवळ्या वेषांत मुंबईस ती इतकी सुलभ होती, कीं तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून नाहींशी झाली, आणि ज्यांनीं ती आयुष्यभर हात दाखवून थांबविली त्यांस आतां तिची छायाचित्रें घराच्या भिंतीवर हवींशीं वाटूं लागलीं!

आमच्या टापूचा खास अभिमान म्हणजे प्यूजो ३०९. प्रीमियर व फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारींत ही गाडी १९९० नंतरच्या दशकांत कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यांत तयार होत होती. भागीदारी थोड्याच वर्षांत मोडली आणि गाडीही गेली. ती वाईट होती म्हणून गेली, असें मात्र नव्हे. तिच्या डिझेल यंत्राच्याच जातीचें यंत्र पुढें मारुतीनें झेन व एस्टीम या गाड्यांत बसविलें. ज्या गांवीं ती घडली, तेथें तरी तिचा एखादा नमुना चालता राहावा, असें आम्हांस मनापासून वाटतें.

मारुती ८०० ची गोष्ट निराळी. डिसेंबर १९८३ मध्यें पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. जानेवारी २०१४ मध्यें उत्पादन थांबलें. पंचवीस लाखांहून अधिक निघालेल्या वस्तूस दुर्मिळ कोण म्हणेल? तरी १९८६ पूर्वीची पहिल्या घाटाची, चौकोनी तोंडाची मारुती आतां क्वचितच दिसते. ती घरांत असेल तर ती विकण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. नंतरच्यांपैकीं मात्र जी मूळ रंगांत व मूळ यंत्रासह उरली असेल, तीच जपण्याजोगी.

आमचा खरा कौल टाटांच्या नॅनोस आहे. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीस ती लोकांपुढें आली तेव्हां एक लाख रुपयांच्या मोटारीची चर्चा जगभर झाली. दोन सिलिंडरांचें ६२४ घनसेंटिमीटरचें यंत्र मागच्या आसनाच्या मागें, पुढें एकच वायपर, आणि पहिल्या गाड्यांस उघडणारा मागचा दरवाजाच नाहीं! काटकसरीचा असा कस आपल्या देशांत क्वचितच लागला असेल. 'स्वस्त' या शब्दानेंच तिचा घात केला; स्वस्त गाडींतून लग्नास जाणें कोणास आवडेना. २०१८ पर्यंत ती संपली. आज ती कवडीमोलानें विकली जाते, आणि संग्राहकाची वेळ नेमकी हीच.

येथें कायद्याची बाजू सांगणें अवश्य आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या आणि सांगाडा व यंत्र यांत मोठा फेरफार न केलेल्या खासगी गाडीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९८४ ची मारुती २०३४ सालीं, तर २००९ ची नॅनो २०५९ सालीं त्या पंक्तीस बसेल. म्हणजे जपणार आजोबा आणि मिरविणार नातू! तोंवर पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण आलें. वीस वर्षांवरील मोटारीस त्याचें शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालें आहे. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि विमा. म्हणून नफ्याच्या आशेनें हा उद्योग कोणीं करूं नये. बँकेंतली ठेव त्याहून बरी.

डोंबिवलीच्या गाड्यांचा एक विशेष आहे. घरचा कर्ता पुरुष सकाळीं लोकलनें मुंबईस जाणारा. गाडी बाहेर निघे ती रविवारीं टिटवाळ्याच्या गणपतीस, नाहींतर मे महिन्यांत कोंकणांत. त्यामुळें यंत्र फारसें झिजलेलें नसतें, पण पावसाळे उघड्यावर काढल्यानें पत्रा सडतो. जुनी गाडी घेतांना यंत्राचा आवाज मागाहून ऐकावा. आधीं पायांखालचें रबर उचलून तळ पाहावा, चाकांवरच्या कमानींत व दारांच्या खालच्या कडेस बोट फिरवावें. घरच्या गाडीस पंधरा दिवसांतून एकदां तरी चांगलें फिरवून आणावें. खाडीच्या दमट हवेंत प्लॅस्टिकचें घट्ट आच्छादन घालूं नये. आंत ओल कोंडते. मूळ चाकांच्या वाट्या, रेडिओ, माहितीपुस्तिका आणि खरेदीची पावती ट्रंकेंत जपून ठेवावीं.

आणखी एक. पुष्कळ घरांत गाडी अजून दिवंगत आजोबांच्याच नांवावर असते. मालकाच्या मृत्यूची सूचना तीस दिवसांत परिवहन कार्यालयास देऊन तीन महिन्यांत वारसाचें नांव लावून घ्यावयाचें असतें. पुढें चार काकांच्या संमतीच्या सह्या गोळा करतां करतां गाडी अंगणांतच माती होते. २०२१ पासून नोंदणीपत्रावर नामनिर्देशन करतां येतें. तें मालक हयात असतांनाच, या महिन्यांतच, उरकून घ्यावें.