पुढे केलेला हात आणि पाळीवरचे लोक

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून बांधलेल्या तलावांवर आमचे धान पिकते, आणि पाऊस आखडला की त्याच तलावांवरून आमची भांडणेही पिकतात. भांडणारे खाली बांधीत असतात, पाहणारे वर तलावाच्या पाळीवर बसलेले असतात. भांडणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज पाळीवरच्यांविषयी लिहायचे आहे, कारण मीही त्यांतलाच एक आहे.

मी नऊ वर्षांचा होतो. गावातल्या दोन घरांत पाण्यावरून वैर पेटले होते आणि कित्येक वर्षे बोलचाल बंद होती. एका दिवाळीला त्यांतल्या एका घरच्या म्हाताऱ्याने नातवाच्या हाती फराळाचे ताट दुसऱ्या घरी धाडले. रिकामे ताट परत पाठवू नये ही आपली रीत. त्या घरून ताट आले ते मूठभर साखर घेऊन. बस, एवढेच घडले. पण संध्याकाळी पाळीवर सभा भरली. अर्धे म्हणाले, ‘वैर मिटले, पेढे वाटा.’ अर्धे म्हणाले, ‘ढोंग आहे, कोर्टाची तारीख जवळ आली म्हणून ताट निघाले.’ म्हाताऱ्याचा मुलगा तिथून जात होता. कोणीतरी त्याला विचारले, ‘काय रे, साखर गोड लागली का?’ सारे हसले. मीही हसलो. पुढच्या दिवाळीला ताट निघाले नाही, आणि म्हातारा गेल्यावर ते कधीच निघाले नाही.

हे आठवण्याचे कारण गावचे नाही, पश्चिम आशियाचे आहे. एखाद्या अरब पुढाऱ्याने इस्रायली पुढाऱ्याचा हात हाती घेतला की त्याचे छायाचित्र आमच्या पानठेल्यावरही पोहोचते, आणि मला तिथे तेच दोन आवाज ऐकू येतात. एक टाळीबहाद्दराचा, दुसरा नाक मुरडणाऱ्याचा. मौज अशी की दोघांनाही या व्यवहारात दमडी खर्चावी लागत नाही.

ज्यांना खर्चावे लागले त्यांची नावे मात्र इतिहासात आहेत. इजिप्तचे अन्वर सादात 1977 च्या नोव्हेंबरात जेरुसलेमला गेले आणि इस्रायलच्या संसदेत उभे राहून बोलले. 1979 साली तह झाला आणि 1982 साली सिनाईचा प्रदेश इजिप्तला परत मिळाला. तो दिवस सादातांना दिसला नाही. 1981 च्या 6 ऑक्टोबरला लष्करी संचलन चालू असता त्यांच्याच सैन्यातल्या माणसांनी त्यांना ठार केले. इस्रायलच्या राबीन यांनी 1993 च्या सप्टेंबरात अराफत यांच्याशी हस्तांदोलन केले. 1995 च्या नोव्हेंबरात एका ज्यू तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे की या दोघांनाही शत्रूने मारले नाही. घरच्यांनी मारले.

म्हणूनच पुष्कळ हात पुढे होतात आणि लगेच मागे ओढले जातात. 2005 साली पोपच्या अंत्यविधीत सीरियाच्या अध्यक्षांनी इस्रायलच्या अध्यक्षांशी हात मिळवला. पाठोपाठ दमास्कसहून खुलासा आला, की तो केवळ शिष्टाचार होता, त्याला राजकीय अर्थ नाही! 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एका इजिप्शियन ज्युदोपटूने इस्रायली प्रतिस्पर्ध्याचा हात नाकारला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली आणि त्याला मायदेशी धाडण्यात आले. पण सामन्याआधी ‘खेळूच नकोस’ म्हणून त्याच्यामागे लागलेले लोक मात्र कोणी हुडकून काढले नाहीत. पाळीवरच्यांना शिक्षा होत नसते.

आणि आपण तरी काय वेगळे केले? भारताने 1950 साली इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलात चालू दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला 1992 साल उजाडले. मधल्या काळात, 1977 साली, मोशे दायान दिल्लीला आले ते वेष पालटून, चोरवाटेने. भीती कोणाची होती? अरब राष्ट्रांची होती, तशी घरच्या पाळीचीही होती.

नाक मुरडणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला नाकारता येत नाही. काही हस्तांदोलने तिसऱ्याच्या जिवावर होतात. 2020 च्या सप्टेंबरात संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी इस्रायलशी करार केले. यांच्यात कधी युद्ध झालेच नव्हते. ज्याची जमीन वादात आहे तो पॅलेस्टिनी त्या हिरवळीवर कुठे होता? तलावाच्या वरच्या अंगाचे दोन शेतकरी गळ्यात गळा घालोत, खालच्या बांधीत पाणी आले नाही तर भांडण मिटले असे कोण म्हणेल? 7 ऑक्टोबर 2023 चे हत्याकांड आणि त्यानंतर गाझात झालेला संहार पाहिल्यावर टाळीबहाद्दरांनी आपले तळवे तपासून पाहावेत.

तेव्हा हात पुढे झाला की पाहणाऱ्याने दोनच गोष्टी विचाराव्यात. हात पुढे करणाऱ्याला याची किंमत पडली, की ती त्याने दुसऱ्याच्या खिशातून दिली? आणि छायाचित्र निघून गेल्यावर कोणाला काय परत मिळाले? सादातांचा हात या कसोटीला पुष्कळ अंशी उतरतो, जरी पॅलेस्टिनींचे देणे तिथेही राहिलेच. 1993 चा हात अर्ध्यावर अडकला. उत्तर मिळेपर्यंत टाळीही नको आणि हुर्योही नको.

पण एक हात असा आहे की त्याला ही फूटपट्टी लावायची मला लाज वाटते. 1997 च्या मार्चमध्ये जॉर्डनच्या एका सैनिकाने इस्रायलच्या सात शाळकरी मुली गोळ्या घालून मारल्या. तीन दिवसांनी राजे हुसेन स्वतः त्या मुलींच्या घरी गेले आणि आईबापांपुढे गुडघे टेकून बसले. राजाने असे वाकावे का, यावर अरब जगात कुरबूर झाली. होणारच, पाळ तिथेही असते. सीमा त्याने तसूभर हलली नाही. परंतु आपल्या माणसाने केलेल्या पापाबद्दल शत्रूच्या दारी वाकता येते, एवढे त्या दिवशी जगाने पाहिले. असे वाकणारे दोन्ही बाजूंना आणखी हवे होते.

आमच्या गावचा तो तलाव अजून आहे. दिवाळी आली की मला ते ताट आठवते. त्या साखरेने वैर मिटले असते की नाही, मला सांगता येत नाही. पण ते कळायच्या आधीच आम्ही हसलो. मी नऊ वर्षांचा होतो, एवढीच माझी सबब. आज पानठेल्यावर वर्तमानपत्र उलगडून हसणाऱ्यांचे वय मात्र नऊ नाही.