हवेचा आकडा ‘समाधानकारक’, मग दम का लागतो?

हिवाळा लागला की चेंबूर, माहुल, ट्रॉम्बेकडचे रुग्ण मोबाइल पुढे करून विचारतात, “डॉक्टर, एका ॲपवर हवा समाधानकारक दाखवतात, दुसऱ्यावर तीच हवा वाईट. खरं काय धरायचं?”

बऱ्याचदा दोन्ही ॲप बरोबर असतात. समजा, हवेत दर घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे. भारतीय निर्देशांकात हा आकडा साधारण ९२ येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी पद्धतीने तोच १५०च्या घरात जातो, म्हणजे दमा-हृदयरोग असलेल्यांसाठी अपायकारक. हवा तीच, पट्टी वेगळी. आपली पीएम २.५ची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून १५. त्यामुळे तुम्हाला दमा किंवा सीओपीडी असेल, तर ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबू नका. रंग आणि शब्द सोडून पीएम २.५चा मूळ आकडा बघा.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ बहुतेक याहून जाड असते, ती पीएम १०मध्ये जास्त दिसते. बारीक कण येतात इंधन जळण्यातून, शिवाय सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंपासून हवेतच तयार होतात. ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. म्हणून अशा दिवसांत हृदयरुग्णांचा त्रासही वाढतो.

आता मोजणी. सरकारी स्वयंचलित केंद्रात हवा फिल्टरच्या फितीतून ओढली जाते आणि फितीवर साचलेल्या कणांमुळे बीटा किरण किती अडतात, त्यावरून वजन काढले जाते. ही मोजणी भरवशाची आहे. पण निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो. पहाटे हवा थंड आणि स्थिर असताना कण जमिनीलगत साचतात, दुपारी समुद्राचा वारा सुटला की पांगतात, आणि सरासरीत ती पहाट बुडून जाते. तुमचा मॉर्निंग वॉक मात्र त्याच पहाटे असतो! सरासरीऐवजी तासागणिक आकडा बघायची सवय लावा आणि फिरणे थोडे उशिरा ठेवा.

घरी घ्यायची छोटी यंत्रे लेझरच्या प्रकाशावरून अंदाज बांधतात. मुंबईच्या दमट हवेत कण ओलाव्याने फुगतात आणि आकडा वाढीव येतो. कालच्यापेक्षा आज हवा कशी आहे, एवढे कळायला ती पुरतात. त्या आकड्यावरून औषध बदलू नका.

औद्योगिक भागातली खरी अडचण याच्याही पुढची आहे. आपल्या निर्देशांकात आठ प्रदूषके धरली जातात आणि बेंझीन त्यांत नाही. माहुलमध्ये लोकांची मुख्य तक्रार होती तेलसाठे आणि रिफायनऱ्यांतून सुटणाऱ्या अशाच बाष्पांची. २०२०मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई भरायला सांगितले. तेव्हा आकडा बरा असूनही वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील, घसा खवखवत असेल, तर तो मनाचा खेळ नाही. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना तीच नोंद कामी येते.

मुंबईच्या हवेची दखल २०२३मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, पालिकेने बांधकामांना पत्र्याचे उंच आडोसे सक्तीचे केले. त्याने धूळ अडते. बारीक कण आणि वायू त्याने फारसे अडत नाहीत.

दम्याच्या रुग्णांनी हवेबरोबर स्वतःचेही मोजमाप ठेवावे. पीक फ्लो मीटर स्वस्त असते. सकाळ-संध्याकाळ फुंका, आकडा वहीत लिहा. तो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरू लागला, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे वागा. ५० टक्क्यांखाली गेला, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर आराम देणारा इनहेलर घेऊन लगेच रुग्णालय गाठा. रोजचा इनहेलर हवा चांगली असतानाही बंद करायचा नाही. आणि कापडी रुमाल बांधून बाहेर पडू नका, बारीक कण त्यातून सहज जातात. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. त्याने दम लागत असेल तर तो काढा आणि त्या दिवशी घरातच थांबा.