बांगडी वाढवू नये

मराठी भाषेवर माझं मनापासून प्रेम असलं, तरी तिच्यातल्या एका वाक्याशी माझं जुनं वैर आहे. "आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत!" हे ते वाक्य. नगरपालिकेच्या निवडणुकीपासून नळावरच्या भांडणापर्यंत, हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा आमच्या पंढरपुरात जात नाही. बोलणारा पुरुष बहुधा काडीपैलवान असतो. त्याच्या घरातला भरलेला गॅस सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेणारे हात मात्र बांगड्या भरलेलेच असतात. आणि एवढी गर्जना करून हा वीर घरी जातो तो बायकोला विचारायला, की "उद्याच्या मोर्चाला जाऊ का गं?"

या वाक्यामागचा समज असा, की बांगडी काचेची, काच नाजूक, म्हणून बांगडी घालणारी नाजूक, आणि नाजूक म्हणजे नेभळट. आता हे तर्कशास्त्र ज्याने काढलं, त्याने काच तापवताना कधी पाहिलेली नसणार. मी पाहिली आहे. आमच्या धाकट्या सूनबाईंनी घरात काचेची भट्टी आणली आहे.

भट्टी म्हटल्यावर लोहाराचा भाता वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. ही भट्टी पोळ्यांच्या डब्याएवढी, पांढरीशुभ्र आणि वजनाला पावाच्या लादीसारखी हलकी. ती चिनी मातीच्या जातीच्या, तापाला दाद न देणाऱ्या तंतूंची असते. झाकणाला आतून काळा लेप असतो. रंगीत काचेचे तुकडे एका खास कागदावर मांडायचे, वर झाकण ठेवायचं आणि सगळा डबा मायक्रोवेव्हमध्ये सरकवायचा. लहरी तो काळा लेप गिळतो, स्वतः लाल होतो आणि पाच-सात मिनिटांत आतला उन्हाळा ८०० अंशांच्या घरात नेतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मे महिना काढलेल्या माणसालाही हा आकडा थोडा जास्त वाटेल. एवढ्या तापात काचेचे तुकडे मऊ होतात, कडा गोल करतात आणि एकमेकांत मिसळून जातात. मग अर्धा-पाऊण तास झाकण उघडायचं नाही. घाईने गार केली की काच तडकते. पुढे त्या तुकड्याचं लोलक होतं, कानातलं होतं, अंगठीचा खडा होतो.

या भट्टीला घरात तीन हरकती निघाल्या. पहिली विजेची. पाच-सात मिनिटांची वीज ती केवढी? आमचे चिरंजीव इस्त्रीचं बटण चालू ठेवून पेपर वाचतात, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. दुसरी हरकत स्वयंपाकाच्या यंत्रात काच शिजवण्याची. ही मात्र रास्त आहे. अन्नाचं आणि काचेचं यंत्र एक नसावं. सूनबाईंना ते आधीच ठाऊक असल्यामुळे जुना मायक्रोवेव्ह माळ्यावरून उतरला आणि मागच्या पडवीत गेला. तिसरी हरकत सगळ्यांत जोरकस: "ही परदेशी खुळं आपल्याला कशाला हवीत?"

इथे माझं डोकं ८०० अंशांवर गेलं. परदेशी? अहो, घरात काच जोडायला आमच्या मुली मायक्रोवेव्हची वाट पाहत थांबल्या नव्हत्या! बांगडीचा तुकडा मेणबत्तीच्या नाहीतर कंदिलाच्या ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की वाकवायचा आणि दुसऱ्या तुकड्यात अडकवायचा. अशा साखळ्यांची तोरणं करून त्यांनी दारावर लावली. उरलेल्या काचांवर दुपारभर काचापाणी खेळल्या. याला कुणी कला म्हटलं नाही, छंद म्हटलं नाही. आयांनी फक्त "बोटं भाजून घेशील!" एवढंच म्हटलं. तेच काम डब्यात घालून, डब्यावर इंग्रजी अक्षरं छापून आलं, की एक पक्ष त्याला कला म्हणतो आणि दुसरा परदेशी खूळ. तोरण करणाऱ्या मुलीची आठवण दोन्ही पक्षांना नाही.

आणि बांगडी तरी कुठून येते? महाद्वाराजवळच्या दुकानात टांगलेल्या माळा दुकानदार झाडावरून तोडून आणत नाही. देशातल्या काचेच्या बांगड्यांचं माहेर उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. तिथे कारखान्यात तप्त काचेची तार फिरत्या दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात आणि मग कापतात. पण तेव्हा ती बांगडी नसते, तोंड उघडं असलेलं कडं असतं. ती टोकं ज्योतीवर धरून जुळवायचं काम घराघरांतून चालत आलेलं आहे आणि ते करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. ताजमहाल काळा पडू नये म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या टापूतल्या कारखान्यांना कोळसा सोडायला लावला. ताजमहालाच्या तब्येतीची चौकशी झाली हे उत्तमच झालं. ज्योतीपुढे वाकून बसलेल्या बाईच्या डोळ्यांची चौकशी एवढ्या थाटात झाल्याचं माझ्या वाचनात नाही. थोडक्यात, बांगडी भरणारी बाई एकीकडे आणि आगीसमोर बसून ती जोडणारी बाई दुसरीकडे. आता सांगा, नेभळट कोण?

जुनेपणाचंच म्हणाल, तर कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यातही काचेच्या बांगड्या निघाल्या. त्या काळातल्या ज्या पुरुषांनी बांगड्या भरल्या नव्हत्या, त्यांचं काय निघालं ते मला माहीत नाही. बांगड्या मात्र मातीतसुद्धा टिकून राहिल्या.

एवढ्यावर भांडण मिटलं असतं. पण चौथी हरकत घरातून आली नाही, गल्लीतून आली.

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेले. दहाव्या दिवशी जे व्हायचं ते झालं. चार सवाष्णींनी काकूंचे हात धरले आणि मनगटातला हिरवा चुडा दगडावर वाढवला. "वाढवला" हं! आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. फुटली म्हणणं अशुभ. फोडणं मात्र शास्त्र. शब्दाला इतकं जपणारी आणि हाताला इतकी न जपणारी रीत दुसरी कुठे असेल, तर मला कळवा.

सूनबाईंनी ते तुकडे गोळा केले. आता काच जोडायची म्हणजे काचेचीही पत्रिका पाहावी लागते. तापली की काच वाढते. म्हणजे खरोखरची वाढते, प्रसरण पावते. कुठली काच किती वाढते याचे ९०, ९६, १०४ असे आकडे असतात. वेगळ्या आकड्याच्या काचा एकत्र वितळवल्या, तर भट्टीतून हसतमुख बाहेर येतात आणि कधी कधी आठ दिवसांनी आपोआप 'टक्' करून वेगळ्या होतात. जुळवलेल्या लग्नांचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पण काकूंच्या बांगड्या एकाच डझनातल्या, एकाच गोत्राच्या. त्या जुळल्या. त्यांचं हिरवं, नखाएवढं लोलक झालं. सूनबाईंनी ते काळ्या दोऱ्यात ओवून काकूंच्या हातात ठेवलं. काकू बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे माझंच की गं." आणि गळ्यात घातलं.

गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "विधवेच्या गळ्यात चुड्याची काच? आणि तीही पंढरपुरात?"

हो, पंढरपुरातच! याच गावात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. तो इथेच का काढावा लागला? फसवल्या गेलेल्या विधवा यात्रेच्या निमित्ताने इथे येत, बाळंत होत आणि रिकाम्या हातांनी परत जात. त्या हातांत बांगड्या नव्हत्या. ते हात उघडे करून समाजाने काय साधलं, याचा हिशोब त्या आश्रमाच्या पाळण्यांत पडला होता. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकाने बांगडी वाचत नाही, हे मलाही कळतं. ती वाचते ती हात धरणाऱ्या चार बायकांपैकी एकीने "मी नाही धरणार" म्हटलं तर. असं म्हणायला जे धैर्य लागतं, ते बांगड्या न भरलेल्या कुठल्याही गर्जनेत मी पाहिलेलं नाही.

आमच्या कासाराचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. आषाढीच्या गर्दीत त्याच्यापुढे हातांची रांग लागते: गोरे, काळे, शेणामातीचे, टाळ वाजवून घट्टे पडलेले. तो कुणाच्या कपाळाकडे बघत नाही. पंजा दाबून पाहतो आणि विचारतो, "दोन-चार का दोन-सहा?"

बांगडीच्या बाबतीत बाईला विचारण्याजोगा प्रश्न जगात एवढा एकच आहे.