छायाचित्रणाचा जोडधंदा

शेतकऱ्याचा जोडधंदा म्हटला कीं गाय व कोंबडी यांपलीकडे आमची दृष्टि सहसा जात नाहीं. लग्नांचीं छायाचित्रें व चित्रफिती घेण्याचा धंदा मात्र शेतीच्या कालमानास चांगला जुळतो. खरिपाची घाई असते त्या चातुर्मासांत लग्नें बहुधा होत नाहींत. तुळशीविवाहानंतर मुहूर्त निघूं लागतात, तेव्हां कोरडवाहू शेतकऱ्याचे हात पुष्कळसे मोकळे असतात. बागाइतदाराचें तसें नाहीं. ज्या दिवशीं उसाची तोड त्याच दिवशीं लग्न आलें, तर एक सोडावें लागेल.

परंतु पीककर्जाच्या रकमेंतून कॅमेरा घेणें आम्हांस साफ नापसंत आहे. गाय वासरूं देते. कॅमेऱ्याची किंमत वर्षागणिक उतरते. पहिला हंगाम तो भाड्यानेंच आणावा. इसार घेतल्यावांचून तारीख देऊं नये, मग गिऱ्हाईक भावकींतलें कां असेना. (भावकीचें काम फुकट करण्याची चाल या धंद्यास फार मारक आहे.) ड्रोनचा मोह तूर्त आवरावा, २०२१ च्या नियमांप्रमाणें २५० ग्रॅमांहून जड ड्रोन धंद्यासाठीं उडविण्यास सरकारमान्य दाखला लागतो. शिवाय १९५७ च्या कायद्यानें, निराळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क गिऱ्हाइकाचा ठरतो. तीं चित्रें आपल्या जाहिरातीस वापरावयाचीं असल्यास इसार घेतांनाच तसें लिहून घ्यावें.