पोथी शाबूत, वाचक बेपत्ता

‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करावयाची आहे काय?’ आमच्या विभागातील संगणकाने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचा हा मराठी आशय. फॉरमॅट करणे म्हणजे पाटी कोरी करणे, हे संगणकाने सांगितले नव्हते. होकाराचे बटण मात्र आधीच ठळक करून ठेवले होते. पाटीवर काय लिहिलेले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ती पाटी खराब झालेलीच असते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच वरकरणी तांत्रिक असलेला हा विषय येथे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

त्या डिस्कमध्ये काय होते, ते आधी सांगतो. २००८ साली आम्ही दोघांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने भिवंडी तालुक्यातील अंजूर आणि आसपासच्या गावांतून धवलारिणींची गाणी ध्वनिमुद्रित केली. आगरी समाजात धवलारीण ही केवळ गायिका नव्हे. लग्नविधी तिच्या धवल्यांच्या आधाराने पुढे सरकतो. आज अंजूर फाट्याच्या परिसरात गोदामांच्या रांगा आणि कंटेनरची रहदारी आहे. त्या वेळीही भातशेती हटू लागली होती, आणि धवले पाठ असणाऱ्या स्त्रिया थकत चालल्या होत्या. जे उरले आहे ते जतन करावे, एवढाच आमचा हेतू होता. गाणी डिस्कवर ठेवली, संहिता टंकित केल्या, डिस्क कपाटात ठेवली आणि जतन झाले असे आम्ही समजलो.

विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास विभागातील संगणकावर नवी कार्यप्रणाली कोरीकरकरीत बसवण्यात आली. काही आठवड्यांनी अंजूरच्या एका मुलीचा फोन आला. आम्ही ध्वनिमुद्रित केलेल्या सर्वांत वयोवृद्ध धवलारिणीची ती नात. आजी आता हयात नाहीत. ‘‘सर, आजीचा आवाज आहे ना तुमच्याकडे? माझ्या हळदीला लावायचा आहे.’’ आम्ही तत्काळ ‘आहे’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली, तेव्हा आरंभी दिलेला प्रश्न समोर आला.

दोष डिस्कचा नव्हता. गाण्यांची साफसफाई एका मित्राच्या मॅक संगणकावर झाली होती, आणि डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धतही त्यामुळे मॅकची होती. विंडोजला ती पद्धत मुळात कळत नाही. आमच्या जुन्या संगणकावर ती वाचून देणारे एक पूरक सॉफ्टवेअर कोणीतरी कधीकाळी बसवले होते. वर्षानुवर्षे ते पडद्याआड दुभाष्याचे काम करीत होते, आणि असा दुभाषी आहे हेच आम्ही विसरलो होतो. नव्या प्रणालीबरोबर दुभाषी गेला. डिस्कवरील एक अक्षरही हलले नव्हते. नाहीसा झाला होता तो वाचक.

असे प्रसंग सार्वजनिकही झालेले आहेत. ऑक्टोबर २०१३मध्ये ॲपलची मॅव्हरिक्स ही प्रणाली आली, तेव्हा वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीला आपल्या बाह्य डिस्कच्या ग्राहकांना माहिती नष्ट होण्याच्या धोक्याचा इशारा द्यावा लागला, आणि आपलीच काही पूरक सॉफ्टवेअर काढून टाकण्यास सांगावे लागले. विंडोज दहाच्या मे २०१९च्या सुधारणेच्या वेळी मायक्रोसॉफ्टने बाह्य यूएसबी डिस्क जोडलेल्या संगणकांवर ती सुधारणा रोखून धरली होती, कारण सुधारणेच्या ओघात डिस्कांची ओळख सांगणारी अक्षरे बदलण्याची शक्यता होती. डिस्क तीच, तिच्यातील मजकूर तोच. पण यंत्र तिला ज्या नावाने ओळखते ते नाव बदलले की जुने पत्ते निरर्थक होतात.

आता आपल्या वाङ्मयेतिहासाकडे वळू. ‘धवळे’ हा शब्द उच्चारताच विद्यार्थ्यांना महदंबा आठवते. ज्या महानुभाव पंथाने तिची रचना जपली, त्या पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात. शतकानुशतके मठांतून त्यांच्या नकला होत राहिल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या अपठनीय होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी हे कुलूप उघडले आणि मराठी वाङ्मयाचा आरंभकाळच नव्याने लिहावा लागला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पोथ्या टिकल्या आणि लिपी वाचणारी परंपराही मठांतून जिवंत राहिली. दुसरी नसती, तर पहिलीचा काय उपयोग झाला असता?

मोडीची कथा याच्या उलट आहे. अंजूरला ही कथा परकी नाही. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांविरुद्ध जी वसईची मोहीम चालवली, तिच्या पूर्वतयारीत अंजूरच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईकांचे नाव येते. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडीत आहे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत छापले, त्यांत वसईच्या मोहिमेला स्वतंत्र भाग मिळाला, म्हणून तेवढे तरी आपण देवनागरीत वाचू शकतो. मोडी कोणी गुप्त ठेवली नव्हती. ती तर रोजच्या व्यवहाराची लिपी होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांची पत्रे नातवंडांना चित्रांसारखी दिसू लागली. कागद जळाले नाहीत, वाळवीने खाल्ले नाहीत. केवळ कार्यप्रणाली बदलली. अशा कागदांची ‘निरुपयोगी’ म्हणून रद्दी झाली असेल, तर तीही त्या ठळक बटणावरची टिचकीच होय.

आमच्या डिस्कला दुसरे कुलूप होते, आणि ते अस्सल मराठी होते. मित्राच्या मॅकवर ती जोडताच क्षणात उघडली, गाणी वाजली. पण आम्ही टंकित केलेल्या संहितांच्या जागी रोमी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा चिवडा दिसू लागला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचे स्थान होते. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर खाजगी टंकांतच टंकित होत राहिला. या टंकांत साठवलेली खूण रोमी अक्षराची असते. टंक तिच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. टंक गेला की मुखवटा गळतो. आम्ही स्वतः त्याच पिढीचे गुन्हेगार आहोत. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला, परंतु जोडाक्षरे आणि रफार अनेक ठिकाणी बिघडले, ते ध्वनिफीत ऐकत हाताने दुरुस्त करावे लागले. ध्वनिफीत नसती तर धवलारिणीचा बोलीतील उच्चार कोणता आणि परिवर्तकाची चूक कोणती, हे ठरवणे अशक्य होते.

यावर असा आक्षेप येईल की हे काम संगणक-तंत्रज्ञांचे आहे, साहित्याच्या प्राध्यापकांचे नव्हे. आम्हांला हा आक्षेप मान्य नाही. तंत्रज्ञ डिस्क उघडून देईल. कोणता पाठ ग्राह्य, हे तो सांगणार नाही. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती त्यांच्यापुढे पाठभेदांच्या प्रती होत्या म्हणून. एकच प्रत असती तर शुद्ध-अशुद्धाचा विचारच संभवला नसता. आपल्या परंपरेत जतन म्हणजे पुन:पुन्हा नक्कल करणे. नक्कल करणारा प्रत्येक जण मजकूर एकदा वाचत असे, आणि वाचता येत नाही असे दिसले तर ते त्याच पिढीत कळत असे. आपण मात्र एकदाच साठवतो आणि वीस वर्षे उघडून पाहत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सर्व काही क्लाउडवर ठेवता येते. ठेवावे; पण ते खाते कोणाच्या नावावर असते? बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या. तो निवृत्त झाला की परवलीचा शब्दही निवृत्त होतो. कपाट बदलले म्हणून सवय बदलत नाही.

आमच्या मते मराठी विभागांनी क्षेत्रीय संकलनासाठी काही किमान नियम स्वतःवर घालून घ्यावेत. संहिता युनिकोडमध्येच असावी. ध्वनिफिती सर्वसामान्य आणि खुल्या स्वरूपात, निदान दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी प्रत्येक डिस्क उघडून तपासावी, आणि बदलानंतर ती उघडली नाही तर काहीही मान्य न करता प्रथम दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. डिस्क कशी मांडली आहे, कोणता टंक वापरला आहे, हे कागदावर लिहून डिस्कसोबत ठेवावे. पोथीच्या अखेरीस लेखक आपले नाव, स्थळ आणि शक लिहीत असे, तशी ही आधुनिक पुष्पिका. आणि सर्वांत महत्त्वाचे: एक प्रत ज्या गावातून गाणी आणली त्या गावाला द्यावी.

हा शेवटचा नियम आम्ही अठरा वर्षांपूर्वी पाळला असता, तर त्या मुलीला आमच्याकडे आवाज मागण्याची वेळच आली नसती. तिच्या आजीने गाताना काही मागितले नव्हते. आम्ही तिचा आवाज नेला, कुलुपात ठेवला, आणि किल्ली कोठे आहे याची चौकशीसुद्धा केली नाही.

हळदीच्या दोन दिवस आधी आम्ही गाणी आणि छापील संहिता घेऊन अंजूरला गेलो. ओटीवर चार-पाच बायका ऐकायला बसल्या. तिसऱ्या धवल्याशी एक वृद्ध बाई थांबल्या आणि कागदावरचा एक शब्द वाचून घेऊन म्हणाल्या, हा शब्द असा नाही. आम्ही फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. त्यांचे बरोबर होते. तेथेच पेनाने दुरुस्ती केली. आता दोन्ही प्रतींत ती आहे.