परत वाचून दाखवा!

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. नियंत्रण मनोरा असतो तो त्यांतल्या साधारण ५०० ठिकाणी. बाकीच्या विमानतळांवरून चार आसनांचे छोटे विमान घेऊन ढगांतून जायचे असेल, तर वैमानिक दूरच्या केंद्रातील नियंत्रकाशी फोनवर किंवा रेडिओवर बोलून ‘क्लिअरन्स’ घेतो. कुठपर्यंत जायचे, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, पुढे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे आणि रडारवर ओळख पटवणारा चार आकडी संकेत कोणता, या पाच गोष्टी त्यात असतात. शिवाय एक मुदत असते: अमुक वाजेपर्यंत उड्डाण झाले नाही, तर परवानगी रद्द. वैमानिक हे सारे लिहून घेतो आणि नियंत्रकाला परत वाचून दाखवतो.

गोंधळ होतो तो इथेच. आपण मागितलेला मार्गच मिळणार, असे धरून वैमानिकाने तो आधीच जीपीएसमध्ये भरलेला असतो. नियंत्रक ऐन वेळी मधले एक ठिकाण बदलून सांगतो. पहिले दोन शब्द ओळखीचे निघाले की पुढचे वाक्य वैमानिकाचा मेंदूच पूर्ण करतो आणि तो जुनाच मार्ग वाचून दाखवतो. तिकडे नियंत्रकालाही आपण सांगितलेलेच ऐकू येईल अशी खात्री असते, म्हणून चूक त्याच्याही कानांवरून निसटते. मग जिथे दुसऱ्या विमानाची वाट आहे, तिकडे हे विमान वळू शकते.

अशा वेळी ‘लक्ष कुठे होते?’ असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरेन यांनी १९७० मध्ये एक साधा प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला एक ध्वनी कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांना शब्द पूर्णच ऐकू आला. मेंदू संदर्भावरून रिकामी जागा भरतो, आणि ती भरलेली आहे याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. गोंगाटात आपण एकमेकांचे बोलणे समजू शकतो ते याच क्षमतेमुळे. पण ती कधी दगा देते हे आतून कळत नाही, म्हणून ‘नीट लक्ष द्या’ हा सल्ला पुरेसा पडत नाही.

याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती २७ मार्च १९७७ रोजी, टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने मोठमोठी विमाने या छोट्या विमानतळावर वळवली होती. त्यात दाट धुके. केएलएमच्या विमानाला नियंत्रकाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. मार्ग परत वाचूनही दाखवला गेला, पण शेवटी वैमानिक जे बोलला त्याचा अर्थ ‘उड्डाणासाठी तयार आहोत’ असाही होत होता आणि ‘निघालो’ असाही. धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचे विमान अजून उभे आहे का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कप्तानाने ती उडवून लावली. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर शब्द बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. आकडे एकेक करून उच्चारायचे, हा नियम तर आधीपासूनचाच. ‘नाइन’ची गल्लत होऊ नये म्हणून ‘नायनर’ म्हणण्याची पद्धतही जुनीच. माणूस चुकणारच, हे धरून केलेले हे नियम आहेत.

आता आपल्या दवाखान्यांकडे पाहू. रात्री डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, वॉर्डमधली नर्स ‘हो सर’ म्हणते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक एका अक्षराचा, पण डोस तिपटीहून अधिक. नावे सारखी वाटणारी औषधे तर कितीतरी आहेत. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने तोंडी सूचना लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. आपल्याकडे मात्र नर्सने पुन्हा विचारले की ‘एकदा सांगितलेले कळत नाही का?’ असे सुनावले जाते. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा युक्तिवादही ठरलेला. पण वाचून दाखवायला काही सेकंद लागतात, चुकीच्या डोसचे परिणाम निस्तरायला दिवस जातात.

त्यामुळे जबाबदारी आधी वरिष्ठांची आहे. ‘लिहिलेले वाचून दाखवा’ असे डॉक्टरांनी स्वतःहून म्हणावे, ते शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच ‘बरोबर’ म्हणावे. आकडा सांगताना ‘एक-पाच, पंधरा’ असा फोडून सांगावा. रुग्णाच्या नातेवाइकांनीही फोनवर औषध विचारताना कागद-पेन जवळ ठेवावे आणि नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांना वाचून दाखवावे. डॉक्टर वैतागले, तरी वाचून दाखवावेच.