२६ जुलै : पन्नास टक्क्यांचा कोल्हापुरी अर्थ

कोल्हापूर – २६ जुलै म्हटले, की महाराष्ट्राला २००५ चा महाप्रलय आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. मात्र याच तारखेला १९०२ मध्ये कोल्हापुरात जे घडले, त्याचे पडसाद देशाच्या राजकारणात आजही उमटत आहेत. त्या दिवशी करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये राजर्षी शाहू महाराजांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते.

हुकमामागे अनुभव होता. १८९४ मध्ये महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. शिक्षणाला उत्तेजन देऊनही मागासलेल्या वर्गांत त्याचा प्रसार होत नव्हता. शिकून मिळणारी फळे मूठभरांच्याच पदरात पडत असतील, तर इतरांनी मुलांना शाळेत का पाठवावे, हा प्रश्न दरबाराने ओळखला. म्हणूनच १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०२ मध्ये आरक्षण आणि १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण ही एकाच धोरणाची पावले ठरतात.

या जाहीरनाम्यातील दोन तरतुदींकडे सहसा दुर्लक्ष होते. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावयाची होती. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाला नेमणुकांचा अहवाल दर तिमाहीस सादर करणे बंधनकारक होते. हुकूम कागदावर राहू नये, याची ही तजवीज होती.

इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. याच मर्यादेच्या आधारे २०२१ मध्ये राज्याचा मराठा आरक्षण कायदा रद्द झाला. २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा केला. आकडा तोच, अर्थ मात्र उलटा. कोल्हापूरच्या हुकमात तो किमान गाठावयाचा पल्ला होता, आज तो ओलांडू नये अशी वेस आहे. टक्क्यांचा वाद न्यायालयात चालत राहील. पण राखीव जागांपैकी किती प्रत्यक्षात भरल्या, हा तिमाही हिशेब मागण्याची कोल्हापूरची रीत सरकारांना आजही अवलंबता येईल.